आधी पकड, मग वेग

घरातील विज्ञान

मुलांच्या खेळण्यांविषयी आपल्या घरांतून दोन टोकांची मते आढळतात. खेळणे म्हणजे रडणाऱ्या मुलास गप्प बसविण्याचे साधन, त्याहून अधिक विचार त्याचा करू नये, असे एका पक्षाचे म्हणणे. आणि खेळणे महाग असले की ते आपोआप शिक्षणप्रद ठरते, असा दुसऱ्या पक्षाचा समज. दोन्ही पक्ष खेळण्याकडे पाहतात, पण खेळणाऱ्याकडे पाहावयाचे विसरतात. भोवऱ्याची आर घासून तो अधिक वेळ कसा फिरेल हे शोधून काढणारा मुलगा पदार्थविज्ञानाचा अभ्यासच करीत असतो. आणि हजारो रुपयांचे यंत्र कपाटात मांडून ठेवणारा मुलगा काहीच करीत नसतो. या महिन्याचा विषय अशाच एका खेळण्याचा आहे व तो आम्हांस एका वाचकभगिनींच्या पत्रामुळे सुचला.

या भगिनी ठाण्यास घोडबंदर रोडवर राहतात. माजिवड्याच्या नाक्यापासून गायमुखाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या एका अंगास येऊरचे डोंगर व राष्ट्रीय उद्यानाचे रान, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मध्ये उंच इमारतींच्या रांगा. त्यांतील एका इमारतीत, एकाच मजल्यावरील दोन शेजारच्या जागा जोडून, यांचे अकरा माणसांचे एकत्र कुटुंब नांदते. घरात सतरा वर्षांचा पुतण्या, पंधरा वर्षांचा मुलगा व तेरा वर्षांची मुलगी. दोघा मुलांस स्लॉट कार या खेळण्याचा नाद लागला असून, गाडी उघडणे, मोटार बदलणे, पुन्हा बसविणे, यांत सुटीचा दिवस सरतो. मामंजींस हे पसंत नाही. आज खेळण्यातील गाडीस वेगाची मोटार मागणारा मुलगा उद्या खरी गाडी मागेल आणि ती याच रस्त्यावर पळवील, अशी त्यांची धास्ती. खेळ थांबवावा की चालू द्यावा, असा भगिनींचा प्रश्न. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले होते की, पुतण्याने दुप्पट वेगाची मोटार आणून बसविली, तरी त्याची गाडी धाकट्याच्या जुन्या गाडीच्या मागेच राहते, व यावरून घरात रोज वाद होतो. हे शेवटचे वाक्य वाचून आम्ही त्या घरी जावयाचे ठरविले.

ज्यांच्या घरी हे खेळणे आलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम त्याची ओळख करून देतो. प्लास्टिकच्या पट्ट्या जोडून रस्ता तयार करतात. त्या रस्त्यात एक लांब खाच असते व खाचेच्या दोन्ही बाजूंस धातूच्या दोन पट्ट्या बसविलेल्या असतात. गाडीच्या पोटाखाली पुढे एक खुंटी असते, ती खाचेत राहते. आणि खुंटीच्या दोन्ही अंगांस तांब्याच्या बारीक तारांच्या दोन वेण्या असतात, त्या धातूच्या पट्ट्यांवर घासत जातात. पट्ट्यांतून आलेली वीज वेण्यांतून मोटारीस मिळते व मोटार दात्यांच्या चाकांमार्फत मागची चाके फिरविते. खेळणाऱ्याच्या हाती फक्त एक दाबावयाचा घोडा असतो. तो जितका दाबावा तितकी वीज अधिक. लोकलगाडी डोक्यावरील तारेतून वीज घेते, ही गाडी पायाखालच्या पट्टीतून घेते, एवढाच फरक.

या खेळण्याचे वय बरेच आहे. लायोनेल या अमेरिकन कंपनीने १९१२ साली विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारींचा संच विक्रीस आणला होता. पुढे इंग्लंडातील फ्रेड फ्रान्सिस या कारखानदाराने आपल्या चावीच्या गाड्यांत विजेची मोटार बसवून १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ हा संच मांडला, आणि तेच नाव पुष्कळ घरांत या खेळाचे नाव होऊन बसले. या गाड्या खऱ्या गाडीच्या एकबत्तिसांश मापाच्या. याहून लहान, सुमारे एकचौसष्टांश मापाच्या गाड्याही मिळतात व मोठ्या, एकचोविसांश मापाच्याही मिळतात.

आता ड्रॅग रेसविषयी. वळणावळणाच्या रस्त्यावर फेऱ्या मारण्याची शर्यत निराळी. ड्रॅग रेसमध्ये रस्ता सरळ, अंतर ठराविक, सुरुवात उभ्या जागेवरून, आणि निकाल सेकंदांवर. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली आहे त्यांस ही कल्पना नवी वाटणार नाही. २०१४ साली न्यायालयाने बंद केलेली व २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा मोकळी केलेली ही शर्यत घाटाच्या सरळ चढावर होते आणि गाडा किती सेकंदांत वर गेला, एवढेच तेथे पाहतात. मोटारींच्या बाबतीत हे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, किंवा त्याच्या निम्मे धरतात. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ साली या खेळासाठी राष्ट्रीय संस्था काढली, ती मुख्यतः तरुणांच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरून उठवून बंदिस्त धावपट्टीवर नेण्यासाठी. हा हेतू वाचकांनी ध्यानात ठेवावा.

अंतर मापाप्रमाणे लहान केले की ते घरात मावते. एक अष्टमांश मैल म्हणजे सुमारे २०१ मीटर. त्यास ३२ ने भागले की ६ मीटर २९ सेंटीमीटर येतात. आमच्या या यजमानांच्या घरी दिवाणखान्याच्या खिडकीपासून निघून, देवघराच्या दारावरून, आतल्या बोळकंडीत शिरणारा सरळ मार्ग बरोबर मांडता येतो. आणि शेवटी गाड्या अडविण्यासाठी जुनी दुलई घडी करून ठेवली म्हणजे झाले.

आम्ही गेलो त्या रविवारी पट्टी मांडलेलीच होती. पुतण्याने हिशेब सांगितला की त्याची जुनी मोटार मिनिटास १८,००० फेरे घेई व नवी ३६,००० घेते, तेव्हा गाडी दुप्पट पळालीच पाहिजे. गाडी सोडली. मागची चाके करकरत जागच्या जागी फिरली, गाडीचे शेपूट डावीउजवीकडे हलले, आणि तोवर धाकट्याची गाडी देवघरापुढून निघून गेली. आजोबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी डोके वर न काढता एवढेच म्हटले की, इंजिन घसरते आहे, वाळू सोडा. गृहस्थांची हयात रेल्वेच्या इंजिनांवर गेलेली. पावसात रूळ ओले झाले आणि मालगाडी ओढताना चाके जागेवर फिरू लागली की इंजिनाच्या पेटीतून रुळावर वाळू सोडतात. वाफ अधिक देऊन उपयोग होत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले होते. ज्या प्रश्नावर दोन महिने वाद चालला होता त्याचे उत्तर नको म्हणणाऱ्याच माणसाने दिले, आणि तेही अनिच्छेने!

हे उत्तर आकड्यांनी तपासून पाहण्यासारखे आहे. समजा, मागच्या चाकांचा व्यास २० मिलिमीटर आहे. म्हणजे एका फेऱ्यात गाडी ६२.८ मिलिमीटर पुढे जाते. मोटारीवरील लहान चाकास ९ दाते व आसावरील मोठ्यास २७ दाते असले, तर मोटारीच्या तीन फेऱ्यांस चाकाचा एक फेरा पडतो. १८,००० फेऱ्यांच्या मोटारीने चाके सेकंदास १०० फेरे घेतील व गाडीचा परमवेग सेकंदास ६.२८ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटरांच्या आसपास होईल. (मुले यास ३२ ने गुणून गाडी ताशी सातशे वीस किलोमीटर धावते असे सांगतात. तो मापाचा हिशेब झाला; अंतर लहान केले तरी काळ लहान होत नाही, व गुरुत्वाकर्षण खेळण्यास सवलत देत नाही.)

परंतु परमवेग गाठावयास काळ लागतो, आणि तो काळ मोटारीवर जितका अवलंबून असतो त्याहून अधिक चाकाच्या पकडीवर असतो. गाडीचे निम्मे वजन मागच्या चाकांवर असेल आणि टायराची पकड त्यावरील वजनाइतकीच असेल, तर गाडीचा वेग दर सेकंदास फार तर ४.९ मीटरांनी वाढू शकतो. मोटार कितीही जोराची असो, या मर्यादेपलीकडचा जोर चाक जागेवर फिरविण्यात फुकट जातो. हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून असे धरू की गाडी परमवेग येईपर्यंत पकडीच्या पुरेपूर मर्यादेने वेग घेते. मग ६ मीटर २९ सेंटीमीटर अंतरास लागणारा काळ येणेप्रमाणे निघतो:

जुनी मोटार, जुनी पकड : १.६४ सेकंद.
दुप्पट वेगाची मोटार, जुनी पकड : १.६० सेकंद.
जुनी मोटार, दुप्पट पकड : १.३२ सेकंद.
दुप्पट वेगाची मोटार, दुप्पट पकड : १.१३ सेकंद.

वाचकांनी या चार ओळी सावकाश पाहाव्यात. पकड न सुधारता दुप्पट वेगाची मोटार बसविली तर बचत अवघी चार शतांश सेकंदांची. तीच मोटार पकड सुधारल्यावर बसविली तर बचत एकोणीस शतांशांची. वस्तू तीच, किंमत तीच. क्रम बदलताच तिचा उपयोग जवळजवळ पाचपट झाला. व्यवहारात तर स्थिती याहूनही वाईट असते. एकदा का चाक जागेवर फिरू लागले की सरकत्या टायराची पकड न सरकणाऱ्यापेक्षा कमी पडते. म्हणून पुतण्याची गाडी नुसती बरोबरीत न राहता मागे पडली. त्याच्या मोटारीत दोष नव्हता. ती अवेळी आली होती, इतकेच.

तेव्हा सुधारणेचा क्रम काय असावा, ते आता सांगतो. तो रस्त्यापासून सुरू होतो व मोटारीपाशी संपतो.

पहिली गोष्ट रस्ता. पट्ट्यांच्या प्रत्येक सांध्यात विजेस थोडा अडथळा होतो. मोटार उभी असताना तिच्यातून सर्वांत अधिक प्रवाह जाऊ पाहतो. ती फिरू लागली म्हणजे तीच उलट दाब उत्पन्न करते व प्रवाह कमी होतो. म्हणून सांध्यांतील तोटा नेमका सुरुवातीस, जोराची गरज असताना, अधिक भोवतो. १२ व्होल्टांवर ६ ओहम रोधाची मोटार उभी असता २ अँपिअर घेईल; सांध्यांनी आणखी २ ओहम घातले की प्रवाह दीड अँपिअरवर येईल, म्हणजे जोराचा चौथा हिस्सा गाडी हलण्यापूर्वीच गेला. सांधे घट्ट बसवावेत व जाड तारेने पट्टीच्या दोन-तीन ठिकाणी वीज पोहोचवावी. ठाण्याच्या पावसाळ्यात लोखंडी पट्ट्यांवर तांबूस थर चढतो आणि घोडबंदर रोडची धूळ बारा महिने घरात येते. दोन्ही कोरड्या स्वच्छ फडक्याने खेळापूर्वी पुसावीत. हे काम फुकट आहे, म्हणूनच मुले ते करीत नाहीत.

दुसरी गोष्ट वेणी. तांब्याच्या वेण्यांची टोके विस्कटलेली नसावीत. त्या पट्टीवर सपाट टेकाव्यात, पण इतक्या ताठ नसाव्यात की गाडीचे नाक उचलून धरतील.

तिसरी गोष्ट टायर. साच्यातून निघालेला टायर डोळ्यांस गोल दिसला तरी बहुधा गोल नसतो. तो उड्या मारीत धावतो व उडीच्या क्षणी पकड शून्य असते. सपाट फळीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवावा, गाडीची मागची चाके त्यावर हलकेच टेकवून मोटार मंद फिरवावी, म्हणजे टायर घासून सारखा होतो. पुष्कळ घासू नये. सर्वत्र एकसारखी झळाळी जाऊन पृष्ठ मंद दिसू लागले की थांबावे. त्यानंतर प्रत्येक धावेपूर्वी चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर टायर लोटून त्याची धूळ काढावी.

चौथी गोष्ट वजन. वजन मागे नेले की मागच्या चाकांची पकड वाढते, हे खरे. पण याचा अतिरेक झाला तर गाडी उलाळ होते. मागे भार अधिक झालेल्या बैलगाडीचे जू जसे वर उचलते तसे हिचे नाक उचलते, खुंटी खाचेतून निघते, वेण्या पट्टीवरून सुटतात, व वीज तुटून गाडी थांबते. म्हणून वजन थोडे थोडे सरकवून पाहावे, आणि ते शक्य तितके खाली ठेवावे. वजनासाठी शिशाचे तुकडे वापरण्याची पुष्कळांस सवय असते. शिसे विषारी आहे, घरात मुले असता पितळ वापरावे.

पाचवी गोष्ट लोहचुंबक. गाडीच्या पोटाखाली मागच्या बाजूस लहानसा चुंबक बसविला तर तो लोखंडी पट्ट्यांकडे ओढला जाऊन गाडीस खाली दाबून धरतो. वजन न वाढविता दाब वाढविण्याची ही युक्ती फार कामाची. ऐंशी ग्रॅमच्या गाडीस मागच्या चाकांपाशी चाळीस ग्रॅमची ओढ मिळाली की वर सांगितलेली दुप्पट पकड हाती आली. मात्र हीच ओढ गाडीस मागेही रेटते व मोटारीवर भार टाकते. तेव्हा चुंबक जितका जोराचा तितका बरा असे नाही. मोठ्या मापाच्या गाड्यांसाठी लाकडी धावपट्टीवर तांब्याची वेणी बसविलेली असते, तेथे ही युक्ती चालत नाही. तांब्यास चुंबक ओढत नाही. येथे एक कडक सूचना करणे अवश्य आहे. हल्लीचे निओडिमियमचे चुंबक आकाराने डाळीएवढे व जोराने दांडगे असतात. रांगत्या मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्यांच्या पदरांतून एकमेकांस चिकटतात व प्राणावर बेतते. ज्या घरात तान्हे मूल आहे तेथे सुटे चुंबक मोजून डबीत ठेवावेत व खेळ संपल्यावर पुन्हा मोजावेत.

सहावी गोष्ट दात्यांची चाके. ती एकमेकांत फार घट्ट बसली तर जोर खातात, फार सैल बसली तर दाते झिजतात. दोहोंमध्ये पातळ कागदाची पट्टी जेमतेम सरकेल इतकी फट असावी. दात्यांचे प्रमाण बदलून पाहण्याचा प्रयोग मात्र मोठा बोधप्रद आहे. २७ ऐवजी २४ दात्यांचे चाक घातले की परमवेग सेकंदास ७ मीटरांच्या वर जातो, पण सुरुवातीचा जोर नवव्या हिश्शाने कमी होतो. पकड भरपूर व अंतर लांब असेल तर हा सौदा फायद्याचा. पट्टी आखूड असेल तर बहुधा तोट्याचा. आसाच्या बेचक्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. स्वयंपाकघरातील खोबरेल वापरू नये. ते थंडीत थिजते व कालांतराने चिकट होते.

सातवी आणि शेवटची गोष्ट मोटार. नवी मोटार आणल्याबरोबर पूर्ण दाबावर पळवू नये. कमी व्होल्टांवर काही मिनिटे फिरू द्यावी, म्हणजे तिच्यातील ब्रश नीट बसतात. मोटारीची तार उकलून जाड तारेचे कमी वेढे घालण्याचा उद्योगही कित्येक हौशी करतात. त्याने वेग वाढतो. पण प्रवाह वाढतो, उष्णताही वाढते, आणि फार तापलेला चुंबक आपली शक्ती कायमची गमावतो. हे काम ज्याची पहिल्या सहा गोष्टींची वही पूर्ण झाली आहे त्यानेच करावे. वीज नेहमी संचाबरोबर आलेल्या अडॅप्टरमधूनच घ्यावी. भिंतीतील विजेशी कोणताही प्रयोग करू नये.

वहीचा उल्लेख सहज केलेला नाही. खेळ व अभ्यास यांमधील सीमा वहीने ठरते. नियम सोपा आहे: एका वेळी एकच बदल, बदलापूर्वी पाच धावा व बदलानंतर पाच धावा, दहाही काळ लिहावयाचे, आवडले नाहीत म्हणून गाळावयाचे नाहीत. काळ मोजण्याचा प्रश्न या घरी तेरा वर्षांच्या मुलीने सोडविला. मुले हातातील घड्याळाने मोजीत, व अंगठ्याच्या चुकीमुळे दर खेपेस एक-दोन दशांशांचा फरक पडे. मग चार शतांशांची बचत दिसणार कशी? तिने वडिलांच्या फोनवर मंदगतीचे चित्रण घेतले. त्यात सेकंदास २४० चित्रे येतात, म्हणजे एक चित्र सुमारे चार सहस्रांश सेकंदाचे. गाडीचे चाक हलल्याच्या चित्रापासून नाक रेषेवर आल्याच्या चित्रापर्यंत चित्रे मोजली की काळ मिळाला. आजवर तिला भावांनी गाड्या उचलून आणण्यापुरते खेळात घेतले होते. आता कोणाची गाडी सुधारली हे ती सांगते, व भाऊ निमूट ऐकतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे खेळणे आणताना ते मुलग्यांसाठीच आणले जाते, त्यांनी यावर विचार करावा.

खेळणाऱ्याच्या हातासही शिकावयाचे असते. पूर्वीच्या लोकलगाड्यांत सुटतेवेळी मोटारींपुढे रोध जोडून प्रवाह आवरून धरीत व वेग वाढेल तसतसे ते रोध काढून घेत. मुंबईत १९२५ साली विजेची पहिली गाडी धावली तेव्हापासून चालकांस हा धडा ठाऊक आहे. हातातील घोडा एकदम दाबणारा मुलगा चाके फिरवितो. पहिल्या हातभर अंतरात तो हलके दाबून मग पुरा दाबणारा मुलगा जिंकतो. आजोबांनी खुर्चीतून उठून हे स्वतः एकदा करून दाखविले.

आता त्यांच्या मूळ धास्तीकडे वळू. कारण ती पोकळ नाही. खेळण्यातील वेगाने खऱ्या वेगाची भूक भागते, असे आश्वासन आम्ही देणार नाही. तसे कोणी देऊही नये. अवजड वाहनांनी भरलेल्या व पावसाळ्यात खड्ड्यांनी पोखरलेल्या घोडबंदर रोडवर सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली जाणे, ही गोष्ट त्याने घरी गाड्या जुळविल्या म्हणून सुरक्षित होत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यास पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जाऊन तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. कायद्याने जबाबदारी केवळ मुलावर न टाकता किल्ली ठेवणाऱ्यावरही टाकली, हे योग्यच झाले. किल्ली कोठे ठेवावयाची हा वडील माणसांचा प्रश्न आहे आणि तो खेळणे जप्त करून सुटत नाही.

उलट या खेळातून एक समज मिळू शकते, जी नुसत्या उपदेशाने मिळत नाही. वेगाला मर्यादा घालणारी वस्तू मोटार नसून रस्त्यास टेकलेला टायराचा तळहाताएवढा भाग आहे, व ती मर्यादा ओलांडली की हाती काही राहत नाही, हे ज्याने शंभर वेळा डोळ्यांनी पाहिले, मोजले व लिहिले, त्यास पावसाने ओल्या झालेल्या गायमुखच्या उतारावर खरी दुचाकी का घसरते हे सांगावे लागत नाही. ज्यांचा हा धंदाच आहे तेही या मर्यादेपुढे नमतात. जून २००८ मध्ये अमेरिकेत स्कॉट कॅलिटा हे निष्णात चालक शर्यतीच्या पात्रता फेरीत मृत्यू पावल्यावर तेथील संस्थेने सर्वांत वेगवान वर्गांसाठी पाव मैलाचे अंतर कमी करून १००० फुटांवर आणले. बंदिस्त पट्टी, शिकलेले चालक, सज्ज वैद्य, एवढे असूनही थांबावयास जागा अधिक हवी असे त्यांस वाटले. हा प्रसंग मुलांस अवश्य सांगावा, आणि घाबरविण्यासाठी नव्हे, हिशेब म्हणून सांगावा.

आमचा सल्ला येणेप्रमाणे: खेळ चालू द्यावा, परंतु नवी वस्तू विकत घ्यावयाची ती वही पाहूनच. पहिल्या सहा गोष्टींपैकी कोणती केली, तिने किती शतांश वाचले, व आता मागितलेली वस्तू कोणता तोटा भरून काढणार आहे, हे ज्यास लिहून दाखविता येईल त्याची मागणी विचारात घ्यावी. ज्यास येणार नाही त्याने पॉलिश पेपर घ्यावा. या घरी वही तपासण्याचे काम मामंजींनी पत्करले आहे. खर्च त्यांस अजूनही पसंत नाही व दुचाकीविषयीचे त्यांचे मत तसूभर हललेले नाही; दोन्ही गोष्टी आम्हांस योग्य वाटतात.

असो. ज्या वाचकांच्या घरी हे खेळणे असेल त्यांनी एका बदलाच्या दहा धावांचे काळ आमच्याकडे अवश्य पाठवावेत. जिंकलेल्या धावांबरोबर हरलेल्याही पाठवाव्यात. शिकावयास त्यांचाच उपयोग अधिक होतो.